बेलटोल्याची भिंत आणि चुंबकीय टांगणी

मोहाडी तालुक्यातल्या बेलटोल्याच्या आरोग्य केंद्रात भिंतीला खिळा ठोकण्यास मनाई आहे, ही गोष्ट वाचकांनी सुरुवातीलाच नीट ध्यानात घ्यावी. जुनी इमारत धोकादायक ठरली तेव्हा शासनाने तिच्या शेजारी एक लोखंडी खोली उभी करून दिली. खोली तात्पुरती होती, म्हणजे आता ती जन्मभर राहणार हे गावाने ओळखलं. ती ट्रकवर बसून आली, क्रेनने खाली उतरली आणि तिच्यासोबत एक हमीपत्र आलं. भिंतीला छिद्र पाडल्यास हमी संपुष्टात येईल, असं त्यात बजावलेलं होतं. हमी नेमकी कशाची, हे लिहायचं राहून गेलं होतं. त्यामुळे ती कुठून मोडेल याचा नेम नाही म्हणून सगळेच जपून वागत.

आता सलाईनची बाटली ही अशी वस्तू आहे की ती उंचावर टांगावीच लागते. पाणी वरून खाली वाहतं, या नियमात अजून तरी कुठल्या परिपत्रकाने दुरुस्ती केलेली नाही. केंद्रात बाटलीसाठी एक स्टँड होता. पण कर्मचाऱ्यांची हजेरी यंत्रावर अंगठा लावून घ्यायचं ठरलं, आणि त्या यंत्राला नेटवर्क फक्त दाराशी, तेही माणसाच्या डोक्याच्या वीतभर वर मिळतं असा शोध लागला. मग यंत्र स्टँडला टांगून स्टँड दाराशी नेण्यात आला. कर्मचारी स्टुलावर चढून अंगठा लावू लागले आणि बाटली नातेवाइकाने हातात धरून उभं राहायचं, अशी पद्धत पडली. एकदा कुणीतरी कोपऱ्यात बांबू रोवला होता. तो अमानक साहित्य म्हणून तपासणीत उपटला गेला.

सरिता वाहाणे ही इथली परिचारिका. बेलटोल्यात तिला सगळे सिस्टर म्हणत. ही हात वर करून उभं राहण्याची पद्धत तिला बघवत नसे, आणि त्याला कारण होतं रोवणीचं. धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, लागली की गावात रिकामं माणूस औषधालाही सापडत नाही. नेमका त्याच दिवसांत, दिवसदिवस शेतातल्या बांधीच्या चिखलात वाकून, बायांना ताप भरतो. एक बाई आजारी पडली की बांधीतून दोन माणसं जातात, एक खाटेवर आणि एक खाटेशेजारी हात वर करून. हा हिशेब न परवडून लोक ताप अंगावर काढत. मागच्या साली गावातली मंगलाबाई अशीच अंगावर काढत राहिली आणि शेवटी बेशुद्ध पडल्यावर तिला भंडाऱ्याला हलवावं लागलं. ती वाचली, पण सरिताच्या मनाला ते लागून राहिलं. यंदा रोवणी लागायच्या आत बाटली आपली आपण लटकली पाहिजे, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

खिळा चालत नाही, तर चुंबकाचा हूक चालेल, हे तिला मोहाडीच्या आठवडी बाजारात सुचलं. एका फेरीवाल्याच्या लोखंडी टपावर चाळण्या, किसण्या, झारे असे छोट्या गोल हुकांना लटकत होते. ना खिळा, ना भोक. तिने पदरच्या पैशाने एक हूक घेतला, केंद्रात आली आणि भिंतीला लावला. हूक टपकन खाली पडला. खाटेला लावला तर असा चिकटला की काढताना नख दुखलं. कपाटाला चिकटला, वजनकाट्याला चिकटला, भिंतीला मात्र काही केल्या राहीना. टिकाराम नावाचा शेतकरी तेव्हा बायकोची बाटली धरून उभा होता. तो हे सगळं बघत होता.

"सिस्टर, मी बाटली धरतो, त्याचं काही नाही," तो म्हणाला, "पण तिकडं माहे धानाच्या रोपाचे पऱ्हे वाळून राहिले ना जी. बाटली एक, अन् माणसं दोन अडकले."

हूक हलका असेल, जोरकस घ्यायला हवा, असं सरिताला वाटलं. इथे तिच्या हातून एक चूक झाली. जोरकस हूक बाजारातून आणण्याऐवजी तिने तो रीतसर मागितला.

मागणी तालुक्याला वीरेंद्र पटले साहेबांकडे गेली. पटले साहेब सज्जन होते. त्यांनी आयुष्यात एकही कागद नाकारला नव्हता. प्रत्येक कागदाला ते एक समिती जोडून देत. 'हूक' हा शब्द शासकीय मराठीत नसल्यामुळे त्यांनी आधी त्याचं 'चुंबकीय टांगणी' असं नामकरण केलं आणि चुंबकीय टांगणी निवड समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. लोकप्रतिनिधी म्हणून पंचायत समितीच्या सदस्य गोदावरीबाई. सरिताला 'निमंत्रित' म्हणून बोलावण्यात आलं, म्हणजे चहा मिळेल पण मत विचारलं जाणार नाही.

पहिला प्रश्न होता टांगणीने किती वजन पेलावं. भरलेली बाटली अर्धा किलोची, असं सरिता म्हणाली. पटले साहेब समजूतदारपणे हसले. त्यांचं म्हणणं असं पडलं की रुग्ण उठताना तोल जाऊन नळी धरणारच. नळी धरली म्हणजे रुग्णाचा भार टांगणीवर आला. रुग्णाला सावरायला नातेवाईक धावला, तर त्याचाही भार आला. सरासरी रुग्ण आणि अर्धा नातेवाईक धरून टांगणी किमान ऐंशी किलोची हवी. गोदावरीबाईंनी मान डोलावली आणि अर्ध्या किलोच्या बाटलीसाठी ऐंशी किलोची टांगणी एकमताने ठरली.

नागपूरहून नमुने आले. त्यांची चाचणी मोहाडीच्या कचेरीत साहेबांच्या कपाटावर झाली. दहा किलोच्या टांगणीला साहेबांची बॅग अडकवली तर ती टांगणीसकट गुळगुळीत रंगावरून हळूहळू घसरत थेट जमिनीवर येऊन बसली. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, पेटीवरचं वजन छताला लटकवायचं असतं साहेब, भिंतीवर त्याच्या चौथाईही धरू नका. पटले साहेबांनी लगेच ऐंशीला चारने गुणून मागणी सुधारली.

अशा रीतीने जी टांगणी निवडली गेली ती वाटीएवढी होती आणि तिला हाताळायला दोन माणसं लागत. बेलटोल्याला येताना ती जीपच्या दाराला चिकटली. दार उघडेना म्हणून समिती दुसऱ्या दाराने उतरली. केंद्रात पाऊल ठेवताच तिने ट्रेमधल्या कात्र्या आणि चिमटे ओढून घेतले, मग साहेबांच्या किल्ल्यांचा जुडगा, मग नातेवाइकांसाठी ठेवलेला लोखंडी पाट. शासनाने बेलटोल्याला आजवर जे जे दिलं होतं ते सगळं तिच्याकडे धाव घेत होतं. खाट तर तिने जागची सरकवली, खाटेवर रुग्ण असताना. शेवटी दोघांनी ती सोडवून भिंतीला टेकवली आणि हात काढले. ती साहेबांच्या बुटावर पडली.

साहेबांनी पाय चोळला. टांगणी पुन्हा टेकवली, पुन्हा पडली. चारही भिंतींवर प्रयोग झाला, छतही सोडलं नाही. नमुना सदोष आहे, असा शेरा साहेब सांगू लागले, तेव्हा सरिताला राहवेना.

"साहेब," ती म्हणाली, "ही भिंत लोखंडाची नाहीच आहे जी."

"सिस्टर, भिंत लोखंडाची आहे," पटले साहेब शांतपणे म्हणाले. "खोली ताब्यात घेताना मी स्वतः तशी सही केली आहे."

साहेबांच्या सहीखाली आणखी सहा साहेबांच्या सह्या होत्या, आणि त्यातले दोघे आता बढती मिळून त्यांच्या डोक्यावर बसले होते. सात सह्यांनी लोखंड ठरलेली भिंत एका चुंबकाच्या सांगण्यावरून बदलायची म्हटलं तर राज्य चालायचं कसं?

तरी खात्रीसाठी, ही खोली पुरवणाऱ्या ठेकेदार भैय्याजींना बोलावणं गेलं. भैय्याजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, सगळ्यांना नमस्कार केला, सरिताच्या सासऱ्यांची तब्येत विचारली. त्यांनी भिंतीवर दोनदा बोट वाजवलं. भिंत रिकाम्या डब्यासारखी वाजली.

"भिंत उभी आहे का? आहे," भैय्याजी म्हणाले. "पाणी आत येते का? थोडंसंच. मंग लोखंड-लोखंड कायले करून राहिले तुम्ही?"

पटले साहेबांपुढे पेच उभा राहिला. चुंबक खरा मानावा तर सही खोटी, सही खरी मानावी तर चुंबक खोटा. आणि तो खोटा म्हणावा तर आत्ताच त्याने अख्खी खाट ओढलेली. या पेचातून त्यांना गोदावरीबाईंनी सोडवलं, आणि तेही अगदी भोळ्या मनाने. गोदावरीबाईंनी तीन पोरींची लग्नं लावली होती. आंदणाची भांडी घ्यायला तुमसरच्या बाजारात त्या जात तेव्हा कमरेच्या पिशवीत लोहचुंबकाचा तुकडा ठेवत, आणि बेलटोल्यातली झाडून सगळी बाया-माणसं भांडी अशीच पारखत.

"मी काय म्हणतो साहेब," त्या म्हणाल्या, "ज्या डब्याले चुंबक चिकटला, तो डबा हलका. नाही चिकटला तं माल अस्सल. पोरीच्या सासरचे पयले तेच पाहतात. मंग ही भिंत तं अस्सल स्टीलची दिसते बाप्पा."

पटले साहेबांना भरून आलं असावं. मग त्यांनी सावरून अहवाल सांगायला घेतला. सदर भिंतीस कोणत्याही क्षमतेचा चुंबक लागत नाही, यावरून ती मागणीतील लोखंडापेक्षा वरच्या दर्जाच्या स्टीलची असल्याचे सिद्ध होते. ठेकेदाराने ठरल्यापेक्षा उत्तम माल देऊनही त्याचा गवगवा केला नाही, ही बाब अनुकरणीय आहे. भैय्याजींनी नम्रपणे मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टांगणी मोहाडीला परत गेली आणि साहेबांच्या कपाटाला चिकटली. ती निघत नसल्यामुळे ते कपाट अजून उघडलेलं नाही.

भिंत मौल्यवान ठरल्यावर तिचं रक्षण करणं आलं. परिपत्रक निघालं की भिंतीस कोणीही टेकू नये. खाटा भिंतीपासून हातभर पुढे घेण्यात आल्या. आजवर बाटली धरणारा माणूस निदान भिंतीला पाठ टेकून उभा राहत असे, तीही सोय गेली. बाटली धरणाऱ्या नातेवाइकाची उंची पुरेशी असावी, असंही परिपत्रकात होतं. उंच नातेवाईक सोबत नसल्यास सलाईन लावू नये. गावात बुटक्या घराण्यांची पंचाईत झाली. काहींनी चुलत-मावस नात्यांतून उंच माणसं शोधून ठेवली.

आणि रोवणी लागली. सरिता रोज सकाळी दारात उभी राहून वाट बघे, आणि रोगी येत नसत. गावात ताप होता, हे तिला ठाऊक होतं. बांधावरून जाताना चिखलात बसकण मारलेल्या बाया तिला दिसत. या, म्हटलं तर त्या म्हणत, धरणारं कोणी नाही जी. तिला रात्री जेवण जाईना. आपण एक हूक मागितला आणि लोकांची टेकायची भिंतही घालवली, हे तिच्या मनातून हलत नव्हतं.

एका दुपारी शकुनबाई आली. एकटीच राहणारी म्हातारी, दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणारी. ती चालत आली, उंबऱ्याशी येऊन बसली आणि तिथेच कलंडली. अंग विस्तवासारखं, ओठ कोरडे पडलेले. सरिताने तिला खाटेवर घेतलं, सुई लावली आणि बाटली स्वतः धरून उभी राहिली. थोड्याच वेळात टिकाराम तापाने फणफणलेली नात खांद्यावर घेऊन आला. सरिताला हलता येईना. बाटली खाली केली की शकुनबाईच्या नळीत रक्त उलटं चढायचं, वर धरली की पोरीकडे बघता यायचं नाही. पोरगी डोळे फिरवत होती.

"टिकारामभाऊ," सरिता म्हणाली, "बाहेरच्या बाकाचा एक खिळा निघाला आहे. तो आणा."

टिकारामने खिळा आणून भिंतीला धरला. ऑक्सिजनच्या सिलिंडरची लोखंडी चावी घेऊन सरिताने एका हाताने तो ठोकला. दुसऱ्या ठोक्याची गरज पडली नाही. भोपळ्यात सुरी शिरावी तसा खिळा भिंतीत शिरला. आतून थर्माकोलचे चार पांढरे दाणे उडून शकुनबाईच्या कपाळावर पडले. सरिताने ते पुसले, बाटली अडकवली आणि पोरीकडे वळली. दोघी वाचल्या. संध्याकाळी शकुनबाईने चहा मागितला तेव्हा सरिताला रडू आलं.

बातमी बांधाबांधावर गेली. दुसऱ्या दिवसापासून बाया एकेकट्या येऊ लागल्या. सलाईन घ्यायच्या, दोन दिवस पडायच्या, बऱ्या व्हायच्या. सगळ्या रोवणीत त्या एका खिळ्याने कुणाला अंगावर काढू दिलं नाही. इतकं सोपं होतं ते.

पण अस्सल स्टीलच्या भिंतीची कीर्ती एव्हाना जिल्हाभर झाली होती. ती पाहायला पाहुणे घेऊन पटले साहेब आले, तेव्हा भिंतीत खिळा आणि खिळ्याला बाटली. शासकीय मालमत्तेस छिद्र पाडल्याबद्दल सरिताला निलंबित का करू नये, याची चौकशी लागली.

गावाने हे ऐकलं आणि गाव एक झालं. आपल्यासाठी जिने खिळा ठोकला तिची नोकरी जाऊ द्यायची नाही, असं ठरलं. चौकशीच्या दिवशी रोवणीचा शेवटचा तुकडा टाकून माणसं आली. एकेकाने पुढे होऊन सांगितलं की असा खिळा आम्ही पाहिला नाही. शकुनबाई म्हणाली, माझी बाटली टिकारामने धरली. टिकाराम म्हणाला, मी तर हौसेने धरतो. गोदावरीबाईंनी सांगितलं की आमच्या बेलटोल्यात आपल्या माणसाची बाटली आपल्या हाताने धरणं हा आम्ही मान समजतो. ज्याने त्याने अंगठे उठवले, सह्या केल्या. सरिता काहीतरी बोलायला उठली तर बायांनी तिला हात धरून खाली बसवलं.

पटले साहेबांना तरी वेगळं काय हवं होतं? भिंत अस्सल स्टीलची. अस्सल स्टीलमध्ये बाकाचा खिळा जाऊच शकत नाही. गेला असं म्हटलं तर ती स्टीलची नव्हे, आणि ती स्टीलची नव्हे म्हटलं तर शाल, श्रीफळ आणि सात सह्या. तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला की छिद्र नाही. जे छिद्र नाही त्यात असलेला खिळा त्यांनी स्वतःच्या हाताने उपटून खिशात घातला आणि त्या जागेवर स्वच्छतेचं पोस्टर चिकटवलं. सरिता निर्दोष सुटली. शेवटी, ग्रामस्थ स्वखुशीने बाटली धरत असल्याचे सर्वांच्या सह्यांनिशी स्पष्ट झाल्याने चुंबकीय, अचुंबकीय अथवा अन्य कोणत्याही टांगणीची बेलटोल्यास आवश्यकता नाही, असं लिहून विषय कायमचा बंद झाला.

लोकांनी सरिताला हार घातला. ढोल आणला होता, तो वाजवला. सिस्टरला वाचवलं म्हणून टिकारामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात बैलगाडीतून एक ताप भरलेली बाई आली. सरिताने गळ्यातला हार काढून ठेवला, बाईला सुई लावली आणि बाटली हातात घेऊन गर्दीकडे वळली.

"खिळा तर तुम्हीच नाही म्हणून सांगितला," ती म्हणाली. "आता धरणार कोण?"

गर्दी जराशी मागे सरकली.

तुम्ही वाचता वाचता हसलात, हे मी पाहिलं. बेलटोल्याचे लोक भोळे, असंही तुमच्या मनात येऊन गेलं. येऊ द्या. उद्या एखाद्या कचेरीत, इस्पितळात, शाळेत कुणीतरी तुमच्याही हातात अशी काहीतरी वस्तू देईल, जी खरं तर भिंतीवर असायला हवी होती. तेव्हा खिळा काहून नाही, असं तुम्ही विचारणार नाही. मला ठाऊक आहे तुम्ही काय विचाराल. हात वर करून, भिंतीला अजिबात न टेकता, तुम्ही अदबीने विचाराल, "साहेब, एवढं उंच पुरे ना?"